गाडीचा नंबर कुणाकडेच नव्हता

ऊसतोडीचा हंगाम होता. सोलापूर रस्त्यालगतच्या आमच्या ठाण्यात मी त्या रात्री ठाणे अंमलदार होतो. टेम्पोनं सायकलवाल्याला उडवल्याची खबर 112 वरून आली. जखमीला 108 नं दवाखान्यात हलवलं होतं, पाय मोडला होता. जमलेले लोक एवढंच सांगत होते की टेम्पोवाला पळाला. नंबर कुणीच पाहिला नव्हता. अज्ञात वाहनावर गुन्हा नोंदवायच्या तयारीत असतानाच एक पंचविशीतला पोरगा आत आला.

"साहेब, तो टेम्पो माझ्याकडंच हाय."

त्याच्या बाहीत काचेचा चुरा अडकला होता. खाली उतरून त्यानं जखमीला कडेला घेतलं, 108 ला फोन केला. तेवढ्यात लोक दगड घेऊन धावले, समोरची काच फुटली, तसा तो निघाला तो थेट ठाण्यात. मी त्याचा मोबाइल पाहिला. 108 चा कॉल आमच्याकडं खबर येण्याआधीचा होता.

मोबाइल हातात असतानाच मालकाचा फोन आला. स्पीकरवर घेतला.

"गाडी शेडात घाल आन् गावाकडं जा. नंबर कुणी बघितला न्हाय."

"ठाण्यातून बोलतोय," मी म्हणालो. "ड्रायव्हर कोण होता हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. कागदपत्रं घेऊन या."

अपघातानंतर मार खात उभं राहायचं, नाहीतर पळायचं, असंच बरेच ड्रायव्हर धरून चालतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 तसं सांगत नाही. जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पण जमाव चवताळला असेल आणि थांबणं शक्य नसेल तर त्याची सूट आहे. जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत खबर मात्र द्यायलाच हवी. ती टाळली तर पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

विमा कंपनीलाही ड्रायव्हरनं लेखी कळवायचं असतं, हे तर कुणाच्या गावीच नसतं. मालक पॉलिसी घेऊन आला तेव्हा उजाडलं होतं. पोरानं ठाण्यातल्याच कोऱ्या कागदावर पॉलिसी नंबर, तिची मुदत, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमीचं नाव आणि स्वतःचा लायसन्स नंबर लिहिला. हात थरथरत होता, दोनदा कागद बदलावा लागला.

मला त्या पोराचं मोल वाटतं ते जखमीच्या बायकोकडं पाहून. गाडी सापडलीच नसती तर गंभीर दुखापतीला सरकारी योजनेतून ठरलेले 50 हजार मिळतात, माणूस गेला तर 2 लाख. मोडका पाय आणि बुडालेली मजुरी त्यात कशी भागायची? गाडी आणि विमा कळला की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयात, खऱ्या नुकसानीचा दावा लावता येतो.

पोरावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, तो व्हायलाच हवा होता. कलम 134 मोडल्याचा ठपका मात्र लागला नाही. न्यायाधिकरणाला 48 तासांत जायचा पहिला अपघात अहवाल आम्ही दुसऱ्याच दिवशी पाठवला आणि त्याची प्रत जखमीच्या बायकोच्या हातात दिली. वाहन क्रमांकाचा रकाना भरलेला होता.