तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या डब्यावर नाव का नसते?

"तुम्ही ख्रिस्ती लोक दवाखान्यात डबे घेऊन जाता, त्यात तुमचा काय फायदा?" हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारला आहे, नोकरीतल्या सहकाऱ्यांनी विचारला आहे आणि पाथर्डीकडच्या एका आजोबांनी तर डबा हातात घेण्याआधीच विचारला होता. विचारणाऱ्याच्या मनात धर्मांतराची शंका असते हे मला कळते, पण त्याचा राग येत नाही, कारण घरचे माणूस खाटेवर असताना अनोळखी हाताने पुढे केलेल्या अन्नाकडे कोणीही जरा जपूनच पाहील.

काम तसे साधे आहे. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही अहिल्यानगरातल्या, म्हणजे आमच्या तोंडी अजूनही नगरमधल्या, तीन मंडळ्यांच्या, म्हणजे तीन वेगवेगळ्या चर्चच्या, बायका एका घरी जमतो. कोणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, कोणी कॅथलिक, कोणी मुक्तिफौजेच्या, म्हणजे साल्व्हेशन आर्मीच्या. बाजरीच्या भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा एवढाच बेत असतो. गरम भाकरी लगेच डब्यात घातली की वाफेने ओली होते, म्हणून ती आधी जुन्या सुती पातळावर पसरून ठेवायची, हे आम्हाला कॅथलिक मंडळीतल्या एका आजींनी शिकवले.

या सगळ्या बायका एका परातीभोवती बसणे आमच्या जिल्ह्यात आपोआप घडलेले नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला 1831 मध्ये सुरू झाले, पुढे अँग्लिकन आणि कॅथलिक मिशनरीही जिल्ह्यात आले, आणि अमुक गाव कोणत्या मिशनचे हे लोक पिढ्यान्पिढ्या लक्षात ठेवत राहिले. माझ्या लहानपणी दुसऱ्या मंडळीतले स्थळ आले की घरात त्यावर बराच खल होत असे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, ही फार मोठी गोष्ट होती. तरी कॅथलिक आणि मुक्तिफौज त्या ऐक्याच्या बाहेरच होत्या. आमच्यापुरते ते अंतर कमी केले ते मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणाऱ्या जागतिक प्रार्थना दिनाने. त्या दिवशी सगळ्या मंडळ्यांच्या बायका एकत्र येतात, आणि अशाच एका शुक्रवारी चहा पिताना कोणीतरी दवाखान्याच्या व्हरांड्यात उपाशी झोपणाऱ्या नातेवाइकांचा विषय काढला.

सुरुवातीच्या काळात आमच्याच मंडळीतल्या एका तरुणाने, मनात काही वाईट नसताना, भाकरीखाली उपासनेची वेळ छापलेले कार्ड ठेवले. पुढच्या शनिवारी एका रुग्णाच्या मुलाने तो डबा घासून, कोरडा करून परत आणला. आत ते तेलकट झालेले कार्ड व्यवस्थित घडी करून ठेवलेले होते. "ताई, हा तुमचा कागद चुकून राहिला होता," असे तो अतिशय आदबीने म्हणाला. मी त्या रात्री झोपले नाही. त्या माणसाने आमचे अन्न घेतले होते आणि आम्ही त्याला न विचारता त्याच्या पदरात आणखी काही टाकले होते. पुढच्या बैठकीत ठरले की डब्यात कागद नको, डब्यावर मंडळीचे नावही नको. एकट्या आमच्या मंडळीला हे पाळणे जमले असते की नाही, याची मला शंका आहे. तीन मंडळ्या एकत्र असल्यामुळे भाकरी कोणाची आणि पिठले कोणाचे हे सांगताच येत नाही, आणि म्हणून डब्यावर हक्कही कोणाला सांगता येत नाही. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला, त्यामागची तळमळ मला त्या बैठकीत थोडीफार उमगली.

आता तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. लोकांना प्रभू येशूची ओळख व्हावी असे मला मनापासून वाटते आणि ते मी लपवत नाही. कोणी विचारले तर सांगते, तेही विचारले तेवढेच. पण डबा ही त्या ओळखीची किंमत नाही. भुकेल्याला खाऊ घालायला प्रभूने सांगितले आहे, आणि कोणी पुढे काही विचारले नाही म्हणून ते काम अपुरे राहत नाही.

पाथर्डीच्या आजोबांनाही मी एवढेच सांगितले की आम्ही येशूची माणसे आहोत, त्याने सांगितले म्हणून येतो. त्यांनी डबा घेतला, भाकरी मोडली आणि थोड्या वेळाने विचारले, "उद्या तुमची प्रार्थना असते ना? मग आमच्या म्हातारीचं नाव घ्याल का?" मी नाव विचारून घेतले. रविवारी तिन्ही मंडळ्यांमध्ये, ज्याच्या त्याच्या पद्धतीने, त्या आजींसाठी प्रार्थना झाली.