तुम्ही विचारलंत म्हणून : घरच्या संगणकावर दोन अँटीव्हायरस असावेत का?

संगणक दुरुस्तीसाठी ज्या घरी जावे, तिथे चहा येईपर्यंत हा प्रश्न हमखास येतो : ‘‘एकाऐवजी दोन अँटीव्हायरस टाकले तर अधिक सुरक्षित नाही का?’’ दाराला कडी असली तरी आपण वर कुलूप लावतोच, तेव्हा विचारणाऱ्याचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. पण कडी आणि कुलूप एकमेकांच्या आड येत नाहीत, हे प्रोग्राम मात्र येतात.

अँटीव्हायरसचे सतत जागे राहणारे अंग विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसलेले असते. तुम्ही एखादी फाइल उघडायला गेलात की ते ती वाटेतच अडवते, तपासते आणि मगच पुढे सोडते. असे दोन पहारेकरी बसवले की पहिल्याने तपासणीसाठी फाइल उघडणे हीच दुसऱ्याच्या दृष्टीने तपासण्याजोगी घटना ठरू शकते, आणि एका साध्या फाइलीसाठी डिस्कला दुप्पट राबावे लागते. शिवाय विषाणू ओळखण्याच्या खुणा प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगलेल्या असतात; त्या नीट झाकलेल्या नसल्या, तर दुसऱ्याला तो विषाणूच वाटतो.

एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे मी हे प्रत्यक्ष पाहिले. चार जीबी रॅमचा जुना संगणक, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी तीन अँटीव्हायरसच्या तीन ढाली : एक संगणकाबरोबर आलेली, मुदत संपलेली, दुसरी पैसे भरून घेतलेली, तिसरी कुठल्याशा फुकट प्रोग्रामबरोबर, तो बसवताना चौकटीतली एक खूण काढायची राहिली म्हणून, गुपचूप आलेली. संगणकाचा कोणता भाग किती राबतो ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरून हलत नव्हता आणि दोन पानी पत्र उघडायला दीड मिनिट लागत होते. रोज सकाळी तोच इशारा येई, म्हणून रोज नवा विषाणू शिरतो असे सरांना वाटे. त्यांनी तारखांसकट वहीत नोंदी ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात तिसरी ढाल दुसरीचीच एक फाइल दररोज पकडत होती.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटीव्हायरस मुळातच असतो, आणि दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस नीट बसला की घरच्या संगणकावर त्याचा सततचा पहारा आपोआप थांबतो. बाहेरून आणलेल्या दोघांमध्ये मात्र असा समजूतदारपणा गृहीत धरता येत नाही. डेस्कटॉपवरचे चित्र पुसल्याने प्रोग्राम जात नाही (हा गैरसमज अजून टिकून आहे, याचे मला नवल वाटते). सेटिंग्जमधून तो रीतसर काढावा, संगणक बंद करून पुन्हा चालू करावा, आणि अवशेष उरलेच तर त्याच कंपनीचे काढून टाकण्याचे साधन वापरावे. शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून पहाऱ्यावर नेमके कोण आहे, ते पाहावे.

दुसरे मत घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त ते बोलावल्यावर येणारे आणि काम झाल्यावर जाणारे असावे. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर तसा आहे : उतरवून घेतल्यावर तो १० दिवसच चालतो, म्हणून दर वेळी ताजाच घ्यावा लागतो. दुसऱ्या अँटीव्हायरसचे पैसे मात्र मी फायलींची प्रत ठेवण्यासाठी बाहेरच्या हार्ड डिस्कवर खर्च करायला सांगतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या विषाणूने जगभरातले संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्याने वापरलेली विंडोजमधली फट बुजवणारे अपडेट मार्चमध्येच येऊन गेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते आणि फायलींची प्रतही ठेवली नव्हती, त्यांना ढालींची संख्या वाढवून काय मिळाले असते?

सरांच्या संगणकावर आता एकटा डिफेंडर आहे. पैसे भरलेल्या अँटीव्हायरसचे सात महिने शिल्लक होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी तो परवाना मुलीच्या लॅपटॉपवर टाकून घेतला, अर्थात तिथला जुना आधी काढायला लावून.