मुक्ताला गाणे कळले होते

आमचे डंजन्स अँड ड्रॅगन्सचे, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळण्याचे, रविवारचे सेशन फर्मास झाले असे ओंकारने ग्रुपवर लिहिले, बाकीच्यांनी त्यावर अंगठे टाकले, आणि तरीही तेव्हापासून माझे कशात धड लक्ष नाही. कारण इतके क्षुल्लक आहे की घरात सांगण्याची सोय नाही. आईच्या दृष्टीने आम्ही अजूनही ‘फासे खेळायला’ जातो, आणि फासे खेळून आलेल्या माणसाने तोंड पाडून बसावे, हे तिला महाभारताखेरीज कुठे पटणार नाही.

गोष्ट मी चालवतो, म्हणून सर्वांची कॅरेक्टर शीट्स, म्हणजे पात्रांची माहिती लिहिलेले कागद, माझ्याच फाइलमध्ये असतात. पुढच्या सेशनची टिपणे काढताना मुक्ताचे शीट उलटे निघाले. मागच्या कोऱ्या बाजूवर, मी रविवारी माझ्या घोगऱ्या आवाजात म्हटलेले गाणे पेन्सिलीने उतरवलेले होते:

पागेमागे घोडी उभी, खोगीर तिच्या पाठी,
भरती येईल पहाटेला, नाव लागली काठी.

‘घोडी’ या शब्दाभोवती गोल होता, ‘भरती’खाली दोन रेघा होत्या, बाजूला ‘पहाटे, खाडीकडचा बुरूज’ असे लिहिले होते, आणि सर्वांत खाली, पेन्सिलीचे टोक कागदात रुतेल इतके दाबून, ‘बोलायचे नाही’.

म्हणजे खेळातले पहारेकरी ज्याला राखत होते तो कैदी बुरुजावरून उतरण्याच्या कितीतरी आधी तिला सगळे समजले होते. मला मात्र ती चित्रे काढीत बसली आहे असे वाटले होते.

ही युक्ती माझी नाही, ठाण्याचीच आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते आणि फितुरी होऊ नये म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई नेमले होते. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करीत गाणी म्हणत असे, त्या गाण्यांतून पळून जाण्याचा बेत आत पोहोचत असे, आणि पहारेकऱ्यांना मराठीचे अक्षर कळत नसल्यामुळे सप्टेंबर १८१६ मध्ये डेंगळे निसटले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे आणि त्याच्या भिंतीजवळून जाताना मला दर वेळी डेंगळ्यांपेक्षा त्या शिपायांचाच विचार येतो. ज्यांच्या कानांवरून ते गाणे रोज जात होते, त्यांचे दुसऱ्या दिवशी काय झाले असेल?

आमच्या कॅम्पेनचे, म्हणजे सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टीचे, मूळ खरे तर याच प्रश्नात आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये १९७४ पासून नायक बाहेरून येतात, राक्षस मारतात, लूट उचलतात आणि पुढच्या गावाला जातात. शहराचा पहारेकरी हा त्यांच्या वाटेतला दगड असतो. खेळाच्या २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या पुस्तकात त्याच्या वाट्याला ११ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची तेवढीच ताकद, एक भाला आणि एक ढाल एवढेच आले आहे, नावदेखील नाही. मला त्या अकरा पॉइंटांच्या माणसाचा संसार खेळायचा होता. नायक निघून गेल्यावर फुटलेली दुकाने कोण मोजते, साक्षी कोण लिहून घेते, ओळखीच्या कोळणीचा मुलगा चोरीत सापडला तर त्याला दोरखंड कोण बांधते, हे खेळायचे होते. ओंकारला सुरुवातीला हा सगळा प्रकार म्हणजे सरकारी नोकरी वाटली होती. आता रात्रपाळीच्या यादीवरून सर्वांत जास्त तोच भांडतो.

पण मी मूळ मुद्दा टाळतो आहे. मला लागले ते हे की तिने मला सांगितले नाही.

इतर खेळाडूंपासून लपवले, ते योग्यच होते. तिच्या पहारेकरणीला खाडीकाठची बोली येते, असे पहिल्याच दिवशी शीटवर लिहिलेले आहे. बाकीच्यांना ती येत नाही, त्यामुळे त्यांच्या कानांना ते मोतद्दाराचे गुणगुणणेच होते. परंतु खेळाडूला काही गुप्तपणे करायचे असेल तर तो डीएमकडे, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याकडे, चिठ्ठी सरकवतो, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. मी आठवडाभर रात्री जागून नकाशे काढायचे, भरती-ओहोटीच्या वेळा जुळवायच्या, कोतवालाचा, मोतद्दाराचा आणि नावाड्याचा आवाज एकाच घशातून काढायचा, आणि त्या जगात घडलेली सर्वांत मोठी गोष्ट मला पाठकोऱ्या कागदावरून कळावी? पडद्याआड बसणाऱ्या माणसाला सगळे ठाऊक असते, याच एका समजुतीवर मी ती जागरणे करीत होतो.

त्याहून वाईट म्हणजे सेशननंतर आम्ही दोघे तलावपाळीवर भेळ खात उभे होतो. माझा कोतवाल शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा ओरडतो, असे ती म्हणाली, कैरीचे तुकडे निवडून खाल्ले आणि रिक्षाला हात केला. कैद्याविषयी अवाक्षर नाही. कोतवालाने तिचा महिन्याचा पगार कापला तेव्हा तिने मान खाली घातली होती आणि मला तिची दया आली होती, हे आठवले की आता मला माझीच दया येते. जानेवारीत ती पुण्याला जाणार आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

काल रात्री मी नियम पुन्हा चाळले, म्हणजे तिला कशात तरी पकडता येईल का हे पाहिले. भिंत चढायची, कुलूप उघडायचे, कोणाचे मन ओळखायचे, प्रत्येक कृतीला वीस बाजूंचा फासा आहे. साधारण अवघड कामाला १५, अवघड कामाला २० लागतात. गप्प राहण्याला काहीही लागत नाही. तिने अशी कृती शोधून काढली होती की जी मला विचारावी लागत नाही, जिला मी नाही म्हणू शकत नाही, आणि जिच्यामुळे माझ्या शहराचा सर्वांत महत्त्वाचा कैदी सुटतो. रात्री दीडच्या सुमारास मला हसू आले. इतके दिवस मी ज्या पहारेकऱ्याची वाट पाहत होतो, जो हुकूम पाळताना क्षणभर दुसरीकडे पाहतो आणि नंतर दंड निमूट भरतो, तो माझ्या समोरच बसून पेन्सिलीला टोक काढीत होता. त्याने माझी परवानगी घ्यावी, अशी माझी अपेक्षा होती. ती कोतवालाचीही होती.

तरी चिठ्ठी सरकवली असती तर काय बिघडले असते, हा प्रश्न उरतोच. तिला विचारले तर ती म्हणेल, “तू विचारलंसच कुठे?” आणि मग मला बोलायला जागा राहणार नाही, म्हणून मी विचारणार नाही. शिवाय मी ते शीट पाहिले, हे तिला कळण्याचेही काही कारण नाही. हे मी पुष्कळ थंड डोक्याने लिहितो आहे असे दिसते. तसे ते नाही.

येत्या रविवारी राजधानीहून एक वृद्ध आणि अतिशय सभ्य अंमलदार चौकशीला येईल. तो ओरडणार नाही, म्हणजे पीटीच्या सरांचा प्रश्न मिटला. तो प्रत्येक पहारेकऱ्याला एकटे बोलावेल, पाणी देईल आणि त्या रात्री काय ऐकू आले एवढेच विचारील. तिथे गप्प बसून चालणार नाही. काही तरी बोलावे लागेल, आणि खोटे बोलायला फासा लागतो. मुक्ताचा करिश्मा, म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याचा गुण, ८ आहे, म्हणजे जे पडेल त्यातून एक वजा. अंमलदाराची माणसे ओळखण्याची ताकद किती ठेवायची हे माझ्या हातात आहे, आणि मी ती तीनदा लिहून तीनदा खोडली आहे.