गडी बाद झाला, पण धावेचे काय?

क्रिकेटचे नियम पंचांच्या बोटांपेक्षा स्कोअररच्या वहीतून अधिक स्वच्छ कळतात, असे माझे मत आहे. आमच्या बडोद्यात क्लबच्या सामन्यांत वही सांभाळणाऱ्या माझ्या भाचीने परवा विचारले, ‘‘मामा, तिसरी धाव घेताना गडी धावबाद झाला, तर आधीच्या दोन धावा जातात का?’’

जात नाहीत. धावबाद होण्यापूर्वी पूर्ण झालेल्या दोन धावा फलंदाजाच्या नावावर चढतात, फक्त अर्धवट राहिलेली तिसरी धाव मोजली जात नाही. झेलाचे मात्र तसे नाही. चेंडू उंच उडाला आणि तो खाली येईपर्यंत फलंदाजांनी एक धाव पुरी केली, तरी झेल टिपला जाताच ती रद्द होते. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेले असले तरी, षटक संपलेले नसेल तर, नवा गडीच पुढचा चेंडू खेळतो. मला हा बदल पटतो, कारण ज्याने गडी मिळवला त्या गोलंदाजाला नवख्या फलंदाजावर लगेच चेंडू टाकता येतो.

त्याच झेलाआधी पंचांनी नोबॉल, म्हणजे नियमबाह्य चेंडू, दिलेला असेल, तर वहीतली नोंद पार बदलते. गडी बाद नाही, नोबॉलची एक धाव आणि पळून काढलेली एक धाव अशा दोन धावा संघाला मिळतात, दोन्ही गोलंदाजाच्या खात्यावर पडतात आणि चेंडू पुन्हा टाकावा लागतो. नोबॉलवर धावबाद मात्र होता येते, हे प्रेक्षक हमखास विसरतात.

लेगबायची, म्हणजे चेंडू बॅटला न लागता अंगाला लागून निघालेली, धाव फलंदाजाला मिळत नाही, गोलंदाजाच्या नावावरही लागत नाही, पण संघाच्या आणि भागीदारीच्या बेरजेत ती धरली जाते. १९४७ साली बडोद्यातच रणजीच्या अंतिम सामन्यात विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी होळकर संघाविरुद्ध केलेली ५७७ धावांची भागीदारीही याच रीतीने मोजली गेली.

भाचीला सर्वांत खटकले ते भारताचे गोलंदाज विनू मंकड यांचे प्रकरण. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊन यांना त्यांनी दुसऱ्या टोकाला बाद केले. स्वतः यष्ट्या उडवूनही हा बळी गोलंदाजाच्या नावावर लागत नाही, कारण वहीत त्याची नोंद फक्त ‘धावबाद’ अशी होते आणि धावबादचा बळी कोणत्याच गोलंदाजाला मिळत नाही.