अठराला अठरा

रविवार, 28 डिसेंबर 2025
रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत

पाय ठणकायलेत, झोप येईना, म्हणून वही काढली. आज तीन ठिकाणं बघितली, गेल्या आठवड्यात चार, म्हणजे एकूण सात. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी सुद्धा एवढी स्थळं बघितली नव्हती, तिसऱ्यालाच पसंती दिली आणि मी सोलापूरला आले.

तर लेक 18 जानेवारीला अठराची होतेय. अठराला अठरा, आणि वर रविवार. ऑगस्टपासून हे म्हणायलेत की यावेळी वाढदिवस मोठा करायचा, आणि मी ऑगस्टपासून हो म्हणायलेय आणि काहीच करत नव्हते, कारण माझा हिशोब असा की 18 तारखेपर्यंत पौष महिना आहे, पौषात कुणी लग्न धरत नाही, म्हणजे हॉल सगळे रिकामेच असणार, उलट पैसे कमी करून देतील. फार हुशार समजत होते मी स्वतःला. 15 डिसेंबरला महापालिकेची निवडणूक लागली. मतदान 15 जानेवारी, मोजणी 16. आणि अख्ख्या सोलापुरातला प्रत्येक बरा हॉल एका दिवसात कुणाचं ना कुणाचं प्रचार कार्यालय होऊन बसला. बरं प्रचार 15 च्या आधी संपतोय, आमचं 18 ला, मग काय अडचण? तर होटगी रोडच्या एका हॉलचा मॅनेजर म्हणाला, मॅडम 17, 18, 19 तिन्ही दिवस गेलेत, विजयी सत्काराचं जेवण आहे. म्हणलं अहो अजून तर अर्ज भरणं चाललंय, जिंकलं कोण? तर तो एकदम शांतपणे म्हणाला, दोघांनी बुकिंग केलंय, जो जिंकेल त्याचं होईल, ॲडव्हान्स दोघांचा आहे. मी घरी येईपर्यंत हसत होते.

लेक मात्र हसली नाही. अठरा पूर्ण होतायत मतदानानंतर तीन दिवसांनी, तेव्हा मत देणं कुठलं, यादी तर त्याच्याही आधीच्या तारखेची. यांनी लगेच आपलं ज्ञान काढलं, की मतदानाचं वय 21 चं 18 झालं ते 1989 ला, 61 व्या घटनादुरुस्तीनं, तू नशीबवान आहेस. ती म्हणाली हो का, मग पाच वर्षांनी सांगा.

खरं सांगायचं तर अठरावा वाढदिवस हा आपला सण आहे तरी का? आपल्याकडं बारसं आहे, उष्टावण, जावळ आहे, पहिला वाढदिवस जोरात, आणि मग थेट एकसष्टी, पुढं सहस्रचंद्रदर्शन. मधल्या साठ वर्षांत माणसानं गप कामाला लागावं असाच सगळा बेत दिसतोय. माझ्या अठराव्याला आईनं ओवाळलं आणि शेवयाची खीर केली, संपलं. पण आता सगळ्यांच्या पोरींचे झालेत, स्टेटसला बघून बघून आम्हाला पण वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू.

यांना हॉल पाहिजे होता याचं कारण वेगळं आहे. यांच्या डोक्यात वही आहे एक. कुणाच्या वास्तुशांतीला गेलो, कुणाच्या मुंजीला जेवलो, कुणी साडी दिली, सगळं त्यात. अठरा वर्षं लोकांकडं जेवतोय, एकदा तरी बोलवायला नको का, हे त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं पण नाही. यादी निघाली 180 माणसांची. त्यात लेकीच्या मैत्रिणी किती, तर अकरा.

तेव्हा मला तिचा पहिला वाढदिवस आठवला. जानेवारी 2009, घरासमोर बोळात मांडव, पुरी-भाजी, जिलेबी, मठ्ठा, दोनशे तरी पान उठलं असेल. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस, बरोबर केक कापायच्या वेळी लाईट गेली, मग शेजारच्यांनी गॅसबत्ती आणली. अल्बममध्ये बावन्न फोटो आहेत. सगळे पाहुणे आहेत, वाढपी आहेत, बोळातला कुत्रा पण एका कोपऱ्यात आलाय. जिचा वाढदिवस ती दोनच फोटोत, एकात रडतेय आणि एकात माझ्या खांद्यावर झोपलीय, नुसतं टोपडं दिसतंय. यांना अल्बम काढून दाखवला. बोलले काही नाहीत, पण यादीतली ऑफिसची पानं मागं घेतली.

लेकीचं म्हणणं एकच, जुळे सोलापूरला एक कॅफे आहे, तिथं छान दिवे आहेत, भिंतीवर वेली लावल्यात, आम्ही बारा जणी जातो, दोन तासात येतो, तुम्ही कुणी यायचं नाही. गेलो बघायला. वेली प्लॅस्टिकच्या. खुर्च्या अशा की मी बसले तर उठवायला दोघं लागतील. जागा वीस जणांची आणि वर जायला लोखंडी गोल जिना. आत्यांना (म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघे गेलेत दोन्ही) त्या जिन्यावर नेणं म्हणजे क्रेन मागवणं. लेक म्हणाली आजीसाठी घरी वेगळा केक कापू की. आत्या आतल्या खोलीतून ओरडल्या, मला काय म्हातारी म्हणून पार्सल पाठवणार का गं?

तेव्हापासून मी एक नियम केला. कुठलंही ठिकाण बघायला गेले की स्टेज बघायचं नाही, लाईट बघायचे नाहीत, सरळ बाथरूम कुठंय विचारायचं. पायऱ्या किती, कमोड आहे का, नळाला पाणी येतंय का. लोकं बघतात चमत्कारिक नजरेनं, बघू देत. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं त्या गावात दीडशे माणसं जेवायला बोलवायची तर आधी टाकीच बघावी लागते. घरी गच्चीवर करायचं का हा विषय तर पाण्याच्या पाळीवरच संपला, कारण 18 ला पाण्याचा दिवस येतोय की नाही हे मोजायला बसलो आणि आमच्यातच भांडणं झाली.

एक हॉल मात्र जवळजवळ ठरला होता, विजापूर रोडचा. 550 रुपये ताट, कमीत कमी दीडशे ताटं धरायची, म्हणजे साडेब्याऐंशी हजार इथंच, डेकोरेशन त्यांच्याच माणसाकडून घ्यायचं ते पंचवीस हजार वेगळं, दहाला आवाज बंद. महाराजा खुर्ची, फुग्यांची कमान, धुरातून एंट्री. त्या पोरानं टॅबवर व्हिडिओ दाखवला, कुणाची तरी पोरगी धुरातून येतेय आणि तिचे आईवडील मागं खोकतायत. यांना आवडलं. बाथरूम तळमजल्यालाच, स्वच्छ, कमोड, मी पण जवळजवळ हो म्हणाले होते. पाच हजार टोकन दिलं. ते आता गेलं, परत मागितलं तर म्हणे तारीख अडवली होती ना मॅडम. अडवली कुठली, तीन दिवसात मीच नको म्हणलं. जाऊ दे, लिहिलं की डोकं परत तापतंय.

नको का म्हणलं, तर परवा रात्री लेक अभ्यासाला बसली होती, बारावी आहे तिची, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, त्याच्या आधी प्रॅक्टिकल, आणि मी विचारलं संध्याकाळी सातचं ठेवलंय, केक साडेआठला कापू, चालेल ना? तर वर न बघता म्हणाली चालेल, पण मग ती येणार नाही. ती म्हणजे तिची मंगळवेढ्याची मैत्रीण. दोन वर्षं एका बाकावर बसतात. हॉस्टेलला राहते, गेट सातला बंद. म्हणलं एक दिवस परवानगी काढू की, मी बोलते रेक्टरबाईंशी. म्हणाली मम्मी, तिच्या वडिलांना वाटतं पोरगी इथं फक्त अभ्यासाला आहे, परवानगीचा फोन त्यांना गेला की ते शनिवारीच तिला गावाकडं घेऊन जातील, राहू दे, करा तुम्ही सातला.

राहू दे म्हणाली आणि पान उलटलं. रडली असती तर मी रागावले असते, म्हणलं असतं एका पोरीसाठी एवढं काय. पण पान उलटलं तिनं.

रात्रभर माझ्या डोक्यात ते सातचं गेट. म्हणजे कार्यक्रम दिवसा पाहिजे. रविवारी क्लासची टेस्ट असते, ती अकराला सुटते, म्हणजे बारा ते चार. आणि जानेवारीत सोलापूरच्या माणसानं बारा ते चार काय करावं? एवढं साधं सुचायला मला चार महिने आणि पाच हजार रुपये लागले. हुरडा!

आज सकाळी गेलो, बार्शी रोडला, नान्नजच्या अलीकडं. यांच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्यानं दोन वर्षांपासून हुरडा पार्टी सुरू केलीय. रस्ता शेवटचा दीड किलोमीटर कच्चा, केक मांडीवर धरूनच न्यावा लागणार. पण पोचलो आणि ज्वारी अशी डोक्यावर उभी चारी बाजूनं, मधी दोन कडुनिंब, खाली बाजा टाकलेल्या. मालक म्हणाले, ताई यंदा सगळं मागं आहे, सप्टेंबरात पावसानं एवढं धुतलं, तिकडं सीना नदीच्या काठाला तर रानंच वाहून गेली, आमच्याकडं पाणी हटलं पण रान पेरण्याजोगं सुकेना, वापसाच येईना, पेरायला उशीर झाला. मग ज्वारीचं एक ताट वाकवून कणीस दाखवलं, बोटानं दाणा दाबला तर पांढरं दूध आलं. हे सुरती ज्वारीचं, पुढचं रान, 18 ला बरोबर हुरड्यात येतंय बघा, आणि मालदांडी त्याच्या मागनं. मी विचारलं नाहीच आलं तर? म्हणाले ताई, ज्वारी काय आपल्या तारखेनं चालत नाही, पण आली नाही तर मी बारा घरं फिरून कणसं आणीन, उपाशी पाठवणार नाही. हॉलवाल्याच्या छापील पावतीपेक्षा मला हे वाक्य बरं वाटलं.

बेत असा. आगटीतला हुरडा, बरोबर शेंगाचटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. मग बोरं, ऊस. जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, पिठलं. माणशी 400. आम्ही 46 जण, म्हणजे 18,400. यांची वही बंद केली मी तात्पुरती, बाकीच्यांना पेढे पाठवू. पुण्याच्या वन्सं शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतायत. लेकीला दिवे पाहिजे होते, दुपारी बारा वाजता दिवे कुठले लावणार, पण तिनं स्वतःच ठरवलं की मैत्रिणींनी सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे. आगटीच्या राखेत पांढरे कपडे. मी काही बोलले नाही, धुवायचे त्यांच्या आयांनी.

आता अडचण राहिली आत्यांची. त्यांनी संध्याकाळी कालनिर्णय समोर धरलं, 18 ला अमावस्या आहे म्हणे, पौषी अमावस्या, पोरीचं शुभकार्य आणि तुम्ही रानात घेऊन चाललाय? यांचा चेहरा पडला, टोकनची आठवण झाली असणार. मी म्हणलं आत्या, गेल्याच आठवड्यात येळवस झाली, आपण सगळे अमावस्येलाच शेतात जाऊन भज्जी-आंबील खाऊन आलो ना, माझ्या माहेरी तर अख्खं गाव जातं. त्या म्हणाल्या ती मार्गशीर्षातली, तिचं वेगळं. थोडा वेळ गप्प बसल्या. मग पानं मागं उलटून म्हणाल्या, तिथीनं बघितलं तर पोरीचा वाढदिवस ह्याच आठवड्यात येतोय. मी ओवाळणार तिला तिथीला, घरी, पुरण घालून. म्हणजे वाढदिवस झाला. 18 ला काय, नुसतं जेवण. नुसत्या जेवणाला अमावस्या कशाला आडवी येईल?

पुढं जाऊन म्हणाल्या, मी पण येणार, पण तिथं माझी सोय काय?

सोय मी आधीच बघून आले होते. शेडच्या मागं नवीन बाथरूम बांधलंय, एक देशी, एक कमोड, दोन पायऱ्या, पाण्याची टाकी वर. सगळं झकास, फक्त कमोडच्या दाराला आतनं कडी नव्हती. मालकांना दाखवलं तर ते लाजले, म्हणाले गडीमाणसंच येतात जास्त, कुणी बोललंच नाही, बसवतो ताई. मनात म्हणलं, अठरा जानेवारीला मीच दाराबाहेर उभी राहणार आहे, केक कापायच्या वेळी सुद्धा.

आत्ता एवढं लिहीपर्यंत फोन वाजला. एवढ्या रात्री कोण म्हणून बघितलं तर शेतावरनं. त्यांना रात्रीची लाईट असते, पाणी धरायला जागेच असणार. फोटो पाठवलाय, बॅटरीच्या उजेडात निळं दार, त्यावर नवीकोरी स्टीलची कडी, अजून प्लॅस्टिक पण काढलेलं नाही. खाली लिहिलंय, बसिवली ताई. आजीला सांगा.