फुटलं, हातून फुटलं, की फोडलं?

बोधात्मक भाषाविज्ञान हे भारदस्त नाव बाजूला ठेवलं, तर त्यातली कामाची गोष्ट एवढीच: घडलेल्या प्रसंगात नजर कुठे टाकायची आणि कुठून काढून घ्यायची, हे प्रत्येक वाक्यरचना ऐकणाऱ्याला सुचवत असते. या विषयातलं रूपकांचं प्रकरण सर्वांत गाजलं. आपण बोलतोच नव्हे, तर विचारही रूपकांतून करतो, हे जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली मांडलं आणि पुढे त्यावर ‘शब्द बदला, आयुष्य बदलेल’ छापाच्या सल्ल्यांचं पेवच फुटलं. रोजच्या वापरात मात्र रूपकांपेक्षा क्रियापदं जास्त उपयोगी पडतात.

मराठीत एकच घटना निदान तीन तऱ्हांनी सांगता येते. ‘फाइल उडाली.’ ‘माझ्याकडून फाइल उडाली.’ ‘मी फाइल उडवली.’ पहिल्या वाक्यात माणूसच नाही. दुसऱ्यात माणूस आहे, हेतू नाही. तिसऱ्यात माणूस आहे आणि सूत्रंही त्याच्याच हातात आहेत. कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीतल्या प्रयोगांत एकाच अपघाताची दोन वर्णनं वापरली होती, एक कर्त्यासह आणि एक कर्त्याविना. कर्त्यासह वाचणाऱ्यांनी त्या व्यक्तीला दोष जास्त दिला, भरपाईही जास्त लावली. घटनेची चित्रफीत स्वतः पाहिलेली असतानाही हा फरक राहिला.

आता भांडणाचे मेसेज काढून बघा. फक्त क्रियापदांखाली रेघ मारायची. बहुतेक ठिकाणी एकच नमुना सापडतो: स्वतःसाठी ‘झालं’, समोरच्यासाठी ‘केलंस’. माझा फोन सायलेंटवर राहिला, तू मात्र ठेवलास. माझ्या हातातून पडलं, तू पाडलंस. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, उडणे-उडवणे या सगळ्या जोड्या अशाच वाटून घेतल्या जातात. उपाय साधा आहे, पण सोपा नाही: दोघांच्या चुका एकाच पायरीवरच्या क्रियापदाने सांगायच्या.

चूक सांगताना क्रमही महत्त्वाचा. आधी सगळा प्रसंग ‘झालं’च्या पायरीवर सांगावा: आधी काय, मग काय. कोणावर बोट नसल्यामुळे तपशील लपवावेसे वाटत नाहीत आणि घटनाक्रम पूर्ण मिळतो. मग जबाबदारीचं वाक्य, ‘माझ्याकडून राहून गेलं.’ शेवटी दुरुस्तीचं, आणि इथे कर्ता ठणठणीत हवा, वेळेसकट: ‘मी आज सहापर्यंत पाठवतो.’ पहिल्या पायरीवरच थांबलं की ती टाळाटाळ ठरते. उलट, निव्वळ अपघाताला ‘मीच घालवलं सगळं’ म्हटलं, तर ज्याचं नुकसान झालं त्यालाच समजूत काढत बसावं लागतं. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला ‘हातून झालं’ म्हणणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ हे वाक्य सगळ्यांत फसवं. त्यात कृती कुठेच नाही, प्रकाशझोत पूर्णपणे ऐकणाऱ्याच्या भावनेवर आहे.

कामांच्या यादीसाठी मानसशास्त्रज्ञ एलेनॉर रॉश यांचं १९७० च्या दशकातलं संशोधन वापरता येतं. ‘फर्निचर’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे ठरावीक आकार येत नाही, शरीराची ठरावीक हालचालही सुचत नाही. ‘खुर्ची’ म्हटल्यावर दोन्ही येतात. वर्गीकरणाची ही मधली पातळी मनाला सर्वांत सोयीची असते. ‘घर आवरणे’, ‘पैशांचं बघणे’ या नोंदी फर्निचरच्या पातळीवरच्या, म्हणून त्या आठवडेच्या आठवडे जागच्या हलत नाहीत. नोंद वाचायची आणि पहिल्या मिनिटात हात काय करतील ते हवेत करून दाखवायचं. हात हलले नाहीत, तर नोंद बारीक करायची: ‘विम्याची फाइल काढून हप्त्याची तारीख बघणे.’ पण त्याहून खाली उतरू नये. ‘लॅपटॉप उघडणे, पासवर्ड टाकणे’ असल्या ओळींनी यादी फुगते आणि मग ती कोणी वाचतच नाही.

रूपकांकडे थोडं संशयानेच बघावं. ‘कामाचा बोजा’, ‘कामाखाली दबलो’ या चित्रात ओझं वाहायचं किंवा उतरवायचं, एवढंच दिसतं. आधी काय करायचं ते दिसत नाही. तीच कामं रांगेत उभी आहेत अशी कल्पना केली की पुढे कोण, थांबू शकेल कोण, परत पाठवायचं कोणाला, हे प्रश्न आपोआप पडतात. मात्र रांग एकूण वजन झाकते. दोघांचं काम एकट्यावर पडलेल्या माणसाला रांग लावायला सांगणं हा अन्याय आहे. तिथे बोजा हाच प्रामाणिक शब्द, आणि तो तासांच्या आकड्यासह वरिष्ठांपर्यंत पोचला पाहिजे. आजाराच्या बाबतीत तर जपूनच. डेव्हिड हाउझर आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की कर्करोगाला शत्रू म्हणून रंगवलं की स्वतःला आवर घालण्याच्या प्रतिबंधक सवयींकडे लोकांचा कल कमी होतो. लढाईच्या चित्रात हल्ला बसतो, संयम बसत नाही. रुग्णाशी बोलताना तो स्वतः जे रूपक वापरतो तेच उचलावं. त्याने लढाई म्हटली नसेल, तर आपण त्याच्या हातात तलवार देऊ नये.

आकड्यांचंही तसंच. ट्वेर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९८१ च्या प्रश्नात ६०० जणांच्या जिवाचा सवाल होता, आणि दोन पर्याय: एक खात्रीचा, दुसरा जुगाराचा. ‘२०० वाचतील’ अशा शब्दांत मांडलेला खात्रीचा पर्याय ७२ टक्के लोकांनी निवडला. तोच ‘४०० मरतील’ असा मांडल्यावर २२ टक्क्यांनी. म्हणून ‘९० टक्के यश’ ऐकलं की शेजारी ‘१०० पैकी १० जणांत अपयश’ हेही लिहावं आणि मगच ठरवावं.

राहिला वेळ. काळ आपल्याकडे येतोय की आपण काळातून चाललोय, ही दोन्ही चित्रं डोक्यात एकाच वेळी असतात. त्यामुळे ‘मीटिंग दोन दिवस पुढे घेतली’ हे वाक्य कोणाला लवकर वाटतं, कोणाला उशिरा. सोमवारी उच्चारलेला ‘पुढचा शुक्रवार’ चार दिवसांवरचाही असतो आणि अकरा दिवसांवरचाही. निरोपात वार आणि तारीख दोन्ही लिहावं. नुसती तारीख चुकली तर कोणाला कळत नाही, पण वाराशी जुळली नाही की समोरचा लगेच विचारतो.