डावीकडची सीट आणि ताडपत्रीवरची माणसं

नाशिकमध्ये रॅली म्हटलं की सगळी चर्चा ड्रायव्हरची. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ इथे भरायची तेव्हाही गर्दी उजव्या खिडकीशीच. निकालाचा कागद नीट वाचला तर मात्र वेगळंच दिसतं. ड्रायव्हर स्टेजवर, म्हणजे घड्याळ लावून पळवायच्या बंद रस्त्यावर, सेकंद कमावतो, आणि डावीकडे बसलेला को-ड्रायव्हर किंवा सर्व्हिसमधली, म्हणजे मधल्या थांब्यावर गाडी दुरुस्त करणारी, पोरं चुकली तर मिनिटं जातात.

को-ड्रायव्हर म्हणजे नोट्स (पुढच्या वळणांची टिपणं) वाचणारा, हे अर्धंच खरं. आधी येतं टाइम कार्ड, म्हणजे प्रत्येक टाइम कंट्रोलच्या नाक्यावर वेळ लिहून घ्यायचं कार्ड. समजा 10:18 ला स्टेज सुरू झाली आणि पुढच्या टाइम कंट्रोलपर्यंत 42 मिनिटं दिली आहेत. म्हणजे कार्ड 11:00 च्या मिनिटातच द्यायचं, 11:00:00 ते 11:00:59 यामध्ये. 10:57 ला पोचलात तर कंट्रोलची हद्द दाखवणाऱ्या पिवळ्या पाटीच्या अलीकडे थांबा. गाडी आत न्यायची ती 10:59 लागल्यावर, आणि कार्ड अकरा वाजेपर्यंत आपल्याच हातात ठेवायचं. नेहमीच्या नियमानुसार उशिराला मिनिटामागे 10 सेकंद दंड, लवकर गेलं तर मिनिटामागे पूर्ण एक मिनिट. घाई सहापट महाग. काही ठराविक कंट्रोलला लवकर गेलेलं चालतं, पण ते त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात लिहिलेलं हवं; ‘मागच्या वेळी चाललं होतं’ याला अर्थ नाही. अधिकाऱ्याने लिहिलेली वेळ तिथेच वाचून बघा. खाडाखोड असेल तर सही त्याच क्षणी घ्या, संध्याकाळी कोणी ऐकत नाही.

ट्रिपमीटर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, आयोजकांच्या मोजलेल्या अंतरावर लावून घ्यायचा. एक टक्का फरक राहिला तर वीस किलोमीटरला 200 मीटर चूक होते, आणि तेवढ्यात रोडबुकातला (मार्गाच्या पुस्तिकेतला) फाटा मागे पडतो. टायरचा साइज बदलला की पुन्हा लावा. पोलोसारख्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत सेन्सर मागच्या चाकाला बरा. पुढची चाकं मुरमावर नुसती फिरतात आणि न गेलेलं अंतर मोजतात.

आता नोट्स. बहुतेक जोड्या वळणाला 1 ते 6 आकडे देतात. एक म्हणजे जवळजवळ थांबून घ्यायचं वळण, सहा म्हणजे पाय न उचलता. काही जण हे उलटं वापरतात, म्हणून नव्या ड्रायव्हरबरोबर बसताना आधी तेच विचारून घ्या. रेकीत, म्हणजे स्पर्धेआधी स्टेज बघून घेताना, साधारण दोन फेऱ्या मिळतात, त्याही वेगमर्यादा पाळून. पहिल्या फेरीत ड्रायव्हर बोलतो आणि आपण लिहितो, दुसरीत आपण वाचतो आणि तो दुरुस्त करतो. पेन नको, पेन्सिलच. एक वहीला दोरीने बांधलेली, दोन खिशात. एका ओळीत मोजक्याच नोट्स, अक्षर मोठं. गाडी हादरत असताना बारीक अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग.

खरं कसब आहे कधी बोलायचं यात. ताशी 90 ला गाडी सेकंदाला 25 मीटर जाते. ‘राईट थ्री टाईटन्स, डोन्ट कट’ (उजवं तीन, पुढे आवळतं, आतून कापू नको) एवढं म्हणायला दोन सेकंद लागतात, म्हणजे 50 मीटर गेले. म्हणून ड्रायव्हर आधीच्या वळणात असतानाच पुढचं सांगून व्हायला हवं. फार आधी सांगितलं तर तो विसरतो, उशीर झाला तर ब्रेकची जागा निघून गेलेली असते. डोळे वहीत असतात, त्यामुळे गाडी कुठे आहे हे कंबरेला कळावं लागतं. जागा चुकली तर अंदाजाने वाचू नका. ‘लॉस्ट’ म्हणा, ड्रायव्हरला नजरेने चालवू द्या, पुढचा मोरी-पूल किंवा फाटा पकडून पुन्हा सुरू करा. सरावाला त्र्यंबकहून मोखाड्याकडे उतरणारा घाट उत्तम, अर्थात साध्या गाडीत, रहदारीचे नियम पाळून. नोट्स लिहायला वेग लागत नाही.

स्टेजमध्ये पंक्चर झालं तर कोण काय करणार हे आधी ठरलेलं हवं. गाडी शक्यतो सरळ पट्ट्यात, बाजूला घ्या. को-ड्रायव्हर त्रिकोण घेऊन मागे पळतो, निदान 50 मीटर, आणि परत आल्यावर कोणी जखमी नसेल तर मागून येणाऱ्या गाड्यांना ‘ओके’ लिहिलेला बोर्ड दाखवतो. तोवर ड्रायव्हरने चाक जमिनीवर असतानाच नट सैल केलेले असतात. काळ्या मातीत जॅक सरळ खाली जातो, म्हणून जाड प्लायचा फूटभर लांब तुकडा गाडीत असलाच पाहिजे. निघताना बेल्ट आणि हान्सचे (मान सांभाळणाऱ्या पट्ट्याचे) क्लिप तपासल्याशिवाय ‘गो’ म्हणायचं नाही.

सर्व्हिसकडे वळू. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फिटर म्हणून काम केलेला माणूस इथे सोनं, कारण त्याला टॉर्क म्हणजे काय, नट किती जोराने आवळायचा, ते शिकवावं लागत नाही. समजा 20 मिनिटं आहेत. गाडी यायच्या आधी ताडपत्री अंथरलेली, चारही चाकं हवा तपासून मांडलेली. गाडी थांबली की घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घ्यायची. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणी शिरायचं नाही. ड्रायव्हरने फक्त क्रू चीफशी बोलायचं, तेही काय जाणवलं तेवढंच. दुरुस्ती काय ते चीफ ठरवतो. प्रत्येक कोपऱ्याला एक माणूस: बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बोल्ट, ड्राइव्हशाफ्टचा बूट, ब्रेक पॅड, होज. बोल्टवर आधी रंगाची रेघ मारलेली असली की सैल झालेला लगेच दिसतो. पंधराव्या मिनिटानंतर नवीन काम उघडायचं नाही.

पावसाळ्यात नाशिकची काळी माती वेगळाच त्रास देते. रिमच्या आत ती थापली जाते, वाळते आणि चाक थरथरायला लागतं. मग ड्रायव्हर सस्पेन्शन गेलं म्हणून सांगतो आणि दहा मिनिटं भलतीकडेच जातात. आधी खुरप्याने रिम खरवडा. हब आणि रिमच्या मध्ये मातीचा पापुद्रा राहिला तर त्याहून वाईट: नट टॉर्कला बसतो, स्टेजमध्ये माती चुरते, नट ढिला होतो. म्हणून हबवर वायर ब्रश, मगच चाक. नट फिरवायच्या गनने नट फक्त टेकवायचे, शेवटचा क्लिक घोड्यांवरून उतरवल्यावर, टॉर्क रेंचने, समोरासमोरचे नट घेत. संप गार्डच्या (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या) बोल्टची डोकी दगडांनी झिजतात आणि पाना बसत नाही. नवे बोल्ट डब्यात हवेतच. रेडिएटर धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, नाहीतर चिखल जाळीत आणखी घट्ट बसतो.

पेट्रोल ताडपत्रीवर कधीच भरायचं नाही. त्यासाठी वेगळी जागा दिलेली असते, तिथे इंजिन बंद, दोघं गाडीबाहेर किंवा निदान बेल्ट उघडे आणि आग विझवायचा सिलिंडर हातात घेतलेला माणूस शेजारी. सर्व्हिस आउटला, म्हणजे सर्व्हिसमधून बाहेर पडतानाच्या कंट्रोलला, किती वाजता पोचायचं ते मात्र को-ड्रायव्हरने आत शिरतानाच मोठ्याने सांगायचं आणि चीफने ते पाटीवर लिहायचं.